एकाच्या तोंडीं दोघांची गोष्ट

प्रेमभंग झालेल्या मनुष्यास प्रथम कशाची गरज भासते, असें विचारलें तर कोणी सांत्वनाची म्हणेल, कोणी विस्मृतीची म्हणेल. आमच्या मतें त्याला सर्वांआधीं हवा असतो तो श्रोता. प्रथम तो मित्रापाशीं बोलतो, मग थोरल्या बहिणीपाशीं, मग आगगाडींत शेजारीं बसलेल्या अनोळखी गृहस्थापाशीं. आणि प्रत्येक खेपेस त्याची हकीकत थोडी अधिक गोळीबंद होत जाते. जेथें श्रोता हळहळला तें वाक्य पुढच्या वेळीं ठसठशीत होतें. जेथें त्यानें भुंवया चढविल्या तें वाक्य गळून जातें. दहाव्या खेपेस ती हकीकत राहत नाहीं, तिचें नाटक झालेलें असतें, आणि त्या नाटकांतील सर्व भूमिका एकटा तोच करीत असतो. 'मग ती मला म्हणाली' असें म्हणून तो आवाज बारीक करतो, आणि ती काय म्हणाली तें आपण त्याच्याच तोंडून ऐकतों. ती खरोखर तसें म्हणाली होती काय, हें विचारण्याचा शिष्टाचार नाहीं.

प्रेम आणि प्रेमभंग यांवरील एकपात्री प्रयोगाचें मूळ आम्हांस येथें दिसतें. आणि त्याबरोबर एक प्रश्नहि दिसतो. दोघांनीं मिळून जगलेली गोष्ट एकानेंच, तीहि भरल्या सभेपुढें, सांगावी काय? आणि सांगावयाचीच झाली तर जो तेथें नाहीं, ज्याला उठून उत्तर देतां येत नाहीं, त्याचें देणें सांगणाऱ्यानें कसें फेडावें? हा प्रश्न आम्हांस पुस्तकें वाचून सुचलेला नाहीं. एकाच वर्षांत एकच प्रयोग आम्हीं दोन ठिकाणीं पाहिला, एकदां कर्जतास आणि एकदां खालापुरास, आणि दोन्ही ठिकाणीं पाहिलेला प्रयोग एक नव्हता, म्हणून तो सुचला.

ज्यांनीं हा मुलूख केवळ पुण्याच्या गाडीच्या खिडकींतून पाहिला असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. कर्जत हें उल्हास नदीच्या कांठचें, बोरघाटाच्या पायथ्याचें गांव. पुण्याकडे चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारीं इंजिनें येथें जोडीत. त्या थांब्यांत फलाटावर मिळणारा बटाटेवडा हीच पुष्कळ प्रवाशांची कर्जताविषयींची सर्व माहिती. खालापूर हा लगतचा तालुका, पाताळगंगेच्या बाजूचा. महडचा वरदविनायक त्याच तालुक्यांत. त्यांतलें मोठें गांव खोपोली, आणि कर्जताहून तेथवर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करीत रेल्वेचा एक लहान फांटा जातो. या दोन तालुक्यांत लेकीसुनांची देवघेव पिढ्यान् पिढ्या चालू आहे. मुंबईच्या नाट्यगृहांत नट जिच्याविषयीं बोलतो ती स्त्री प्रेक्षकांच्या लेखीं एक पात्र असते; येथें ती कोणाची तरी भाची असते, कोणाच्या तरी वर्गांतली मुलगी असते, आणि तिची मावशी तिसऱ्या रांगेंत बसलेली असण्याचा पुरा संभव असतो.

आमचा नट कर्जताचा. त्याचें नांव आम्ही सांगणार नाहीं. तो नोकरीनिमित्त रोज मुंबईस जाणारा-येणारा, नाटकाचा नाद असलेला, तिशीच्या आंतबाहेरचा तरुण. त्याची पत्नी खालापूरकडची. आधीं ओळख, मग प्रेम, मग दोन्ही घरांच्या संमतीनें विवाह, असा सरळ क्रम होता. चार वर्षांनीं ती माहेरीं निघून गेली व पुढें कायद्यानें दोघे मोकळे झाले. त्यानंतर दीड वर्षानें त्यानें सव्वा तासाचा एक प्रयोग लिहिला आणि तो एकट्यानें करूं लागला. रंगभूमीवर एक खुर्ची, एक जेवणाचा डबा आणि हातांतला मोबाईल. याहून अधिक सामग्री नाहीं. कर्जतास एका शाळेच्या सभागृहांत तो झाला तेव्हां पाठच्या भिंतीशीं लोक उभे होते.

प्रयोग चांगला होता हें प्रथम सांगितलें पाहिजे, कारण तो वाईट असता तर पुढील विचारास कांहींच वजन राहिलें नसतें. त्यांत एक प्रवेश असा होता कीं, संध्याकाळीं मुंबईहून परतणाऱ्या नवऱ्याला बायकोचे फोन येत आहेत. तो मोबाईल कानाला लावी आणि तिच्या बारीक आवाजांत विचारी, "अंबरनाथ गेलं का?" मग क्षणभर थांबून, "बदलापूर गेलं का?" मग, "वांगणी आलं असेल ना आता?" शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, अशीं एकेक स्टेशनें येत गेलीं, आणि प्रत्येक स्टेशनाला हंशा वाढत गेला. कर्जतच्या त्या सभागृहांत निम्मे लोक त्याच गाडीनें रोज येणारे. प्रत्येकाच्या घरीं थोड्याफार फरकानें हा फोन येत असतो. शेवटीं तो मोबाईल खालीं ठेवून शांतपणें म्हणाला कीं, हें प्रेम नव्हतें, हा पहारा होता. सभा एकदम स्तब्ध झाली. आम्हीहि झालों. त्याआधीं आम्हीहि पोट धरधरून हंसलों होतों, आणि शेजारीं बसलेलें आमचें कुटुंबहि हंसलें होतें, हें येथें लपवून उपयोग नाहीं.

दोन महिन्यांनीं आमच्या कुटुंबाच्या माहेरीं, म्हणजे खालापुरास, कांहीं कार्यानिमित्त जाणें झालें, आणि तेथें हाच प्रयोग आहे असें कळलें. त्यानें तो तेथें कां लावला, आव्हान म्हणून कीं कोणी मंडळानें बोलाविलें म्हणून, हें आम्ही विचारलें नाहीं. तोच प्रवेश आला. अंबरनाथ गेलं का. कोणी हंसलें नाहीं. बदलापूर गेलं का. कोणी हंसलें नाहीं. नटाचा अंदाज असा कीं हंशा येईल, म्हणून तो प्रत्येक स्टेशनानंतर थांबे, आणि त्या थांबण्यांत पंख्याचा आवाज तेवढा ऐकूं येई. हा काय प्रकार आहे तें आम्हांस रात्रीं घरीं कळलें. त्या मुलीचा बाप खोपोलीच्या एका कारखान्यांत रात्रपाळीस जात असे. ती बारा वर्षांची असतांना एका पहांटे तो परत आला नाहीं. जुन्या हमरस्त्यावर एका मालमोटारीनें त्याला उडविलें होतें. घरीं कळेपर्यंत दुपार झाली, आणि तोंवर ती मुलगी त्याचा डबा घासण्यासाठीं वाट पाहत दारांत बसून होती. हें अख्ख्या गांवाला ठाऊक होतें. नवऱ्यालाहि अर्थात् ठाऊक होतें. प्रयोगांत तें नव्हतें.

त्यानें सांगितलेलें एकहि वाक्य खोटें नव्हतें. ती फोन करीत असे, प्रत्येक स्टेशन विचारीत असे, त्याला त्याचा जाच होत असे, आणि जाचाला जाच म्हणण्याचा त्याला अधिकार होता. न्यायाधीशापुढें शपथेवर सांगितलें असतें तरी तें सर्व टिकलें असतें. तरीहि खालापूरच्या लोकांनीं जें ऐकलें तें अन्यायाचें होतें. सत्य सांगूनहि अन्याय करतां येतो, आणि तो करण्याचें सर्वांत सोपें साधन म्हणजे सत्याची निवड, ही गोष्ट नीतीच्या पुस्तकांत आम्हीं वाचली असेल. परंतु ती पंख्याच्या आवाजांत ऐकावी लागली तेव्हांच पटली.

त्या रात्रीं आणखी एक गोष्ट घडली. शेवटच्या प्रवेशांत ती घर सोडून जात आहे. तो दारापाशीं उभा राहून विचारतो, "काय चुकलं माझं?" आणि मग प्रेक्षकांकडे वळून दीर्घ श्वास घेतो, कर्जतास या ठिकाणीं डोळे पुसले गेले होते. खालापुरास त्यानें श्वास घेतला तोंच पुढच्या रांगेंतील एक म्हातारी बाई मोठ्यानें म्हणाली, "अरे, पण ती काय बोलली तें सांग ना!" त्या बाईच्या बोलण्यांत कुचेष्टा नव्हती. कीर्तनांत किंवा कथेंत मन गुंतलेली बाई 'मग पुढें काय झालं?' म्हणून विचारते, तसें तें विचारणें होतें. नट क्षणभर गोंधळला, मग पुढचें वाक्य घेऊन त्यानें प्रयोग संपविला.

म्हातारीला ठाऊक नव्हतें, परंतु तिनें जें मागितलें तें आपल्या नाट्यशास्त्रानें एकपात्री नाटकास फार पूर्वींच घालून दिलेलें बंधन आहे. दहा रूपकांत भाण नांवाचें एक रूपक आहे. त्यांत पात्र एकच, बहुधा विट, म्हणजे शहरांतला चतुर, रसिक, कांहींसा उतरणीला लागलेला असामी. तो आपला अनुभव सांगतो किंवा दुसऱ्याचा वर्णितो. वाटेंत त्याला पुष्कळ माणसें भेटतात, परंतु रंगभूमीवर त्यांतलें एकहि दिसत नाहीं. मग त्यांचें बोलणें कळावें कसें? विट आकाशाकडे कान देतो, 'किं ब्रवीषि?' म्हणजे 'काय म्हणतोस?' असें विचारतो, आणि समोरच्यानें उच्चारलेलें म्हणून स्वतः बोलून दाखवितो. यालाच आकाशभाषित म्हणतात. विद्यार्थिदशेंत ही युक्ति आम्हांस अगदीं बाळबोध वाटत असे. आतां वाटतें कीं तींत मोठी सभ्यता आहे. एकटा बोलणारा क्षणोक्षणीं थांबतो आणि दुसऱ्याला विचारतो, तूं काय म्हणतोस?

१९२२ सालीं चार जुने भाण 'चतुर्भाणी' या नांवानें छापून प्रसिद्ध झाले. त्यांत वररुचीचा म्हणून सांगितलेला 'उभयाभिसारिका' हा भाण आहे. प्रियकर-प्रेयसींत रुसवा झाला आहे, आणि तो मिटविण्यासाठीं विट पाटलिपुत्राच्या रस्त्यांतून निघाला आहे. वाटेंत भेटेल त्याच्याशीं बोलत, थट्टा करीत तो इतका रेंगाळतो कीं पोंचतो तोंवर त्याचें काम उरलेलेंच नसतें. रुसलेलीं दोघेंहि आपापल्या घरून एकमेकांकडे निघून भेटलेलीं असतात. दोघांचीहि पावलें निघालीं, म्हणून नांव उभयाभिसारिका. मध्यस्थाची ही फजिती पाहून हंसूं येतें. परंतु ज्यानें हें रचलें त्याला एवढें ठाऊक होतें कीं प्रेमाच्या भांडणांत तिसऱ्याचें वक्तृत्व फारसें चालत नाहीं. आमच्या कर्जतच्या प्रयोगांत आम्ही दोनशें मध्यस्थ खुर्च्यांवर बसलों होतों, आणि एकाच पक्षाची वकिली ऐकून निकाल देऊन घरीं गेलों होतों.

याच्या उलट टोंकाचें चित्र कालिदासानें 'विक्रमोर्वशीया'च्या चौथ्या अंकांत काढलें आहे. उर्वशी वेल होऊन गेली आहे, आणि पुरूरवा वेडा होऊन रानांत एकटाच हिंडत आहे. तो मोराला विचारतो, कोकिळेला विचारतो, हंसाला, हत्तीला विचारतो. कोणी बोलत नाहीं. शेवटीं पर्वताला विचारतो, आणि पर्वत उत्तर देतो! राजा हर्षानें वेडा होतो; मग ध्यानांत येतें कीं तो आपल्याच प्रश्नाचा प्रतिध्वनि आहे. आमच्या कर्जत तालुक्यांतच माथेरान आहे, आणि तेथें एको पॉइंट नांवाची जागा आहे. तेथें कड्याशीं उभे राहून हौशी मंडळी आपल्या आवडत्या व्यक्तीचें नांव मोठ्यानें पुकारतात आणि दरी तें परत पाठविते. लहान मुलांस त्याचा आनंद होतो. पुरूरव्याला त्याचें दुःख होतें. प्रेमभंग झालेल्या मनुष्याच्या मनांत जें संभाषण अहोरात्र चालतें तें बहुतेक या जातीचें असतें. तो प्रश्न करतो, आणि 'तिचें' उत्तर ऐकूं येतें. परंतु त्या उत्तरांतले शब्द त्यानेंच पुरविलेले असतात. पुरूरव्याचें मोठेपण हें कीं प्रतिध्वनि तो प्रतिध्वनि म्हणून ओळखतो.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. रंगभूमी म्हणजे न्यायालय नव्हे. विव्हळणाऱ्यानें विव्हळतांना प्रतिपक्षाची कैफियतहि वाचून दाखवावी असा नियम केला तर जगांतलें अर्धें काव्य बुडेल. विरहाची लावणी म्हणणारी स्त्री परदेशीं गेलेल्या पतीची अडचण कोठें सांगत बसते? जात्याशीं बसून ओवी गाणारी सासुरवाशीण सासूची बाजू मांडीत नाहीं, आणि तिनें ती मांडावी असें कोणी सहृदय म्हणणार नाहीं. हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु लावणींतला पति कोणाचाहि नाहीं. तो एक रिकामा अंगरखा आहे, ज्याला बसेल त्यानें घालावा. आणि जात्यावरच्या ओवीला ऐकणारें असतें तें जातें. फार तर समोर खुंटा धरून बसलेली जाऊ. सभेनें तिकीट काढलेलें नसतें. तक्रार जोंपर्यंत जात्याला सांगितली जाते तोंपर्यंत ती दुःख असते; ज्या माणसांमध्यें दुसऱ्याला उद्यां वावरावयाचें आहे त्यांच्यापुढें सांगितली कीं ती कृति होते, आणि कृतीला जबाबदारी चिकटते.

आणखी एक भेद आहे. ब्राउनिंगच्या १८४२ सालच्या एका प्रसिद्ध स्वगत-काव्यांत एक सरदार आपल्या मृत पत्नीचें चित्र पाहुण्याला दाखवीत एकटाच बोलतो. तिची तक्रार करतां करतां तो स्वतःलाच दोषी ठरवितो आणि ती न बोलतां निर्दोष ठरते. याच वाटेनें आपल्याकडे दिवाकरांनीं १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. 'पंत मेले - राव चढले' यासारख्या छटेंत बोलणाऱ्याच्या पाठीमागें लेखक उभा आहे आणि तो आपणांस डोळ्यानें खुणावतो आहे. अशा ठिकाणीं मुक्या पक्षाला वकील असतो, तो म्हणजे लेखक. परंतु जेथें लेखक तोच, नट तोच, आणि दुखावलेला नवराहि तोच, तेथें पाठीमागें कोण उभें राहणार? दुसऱ्या पक्षाला जी कांहीं जागा मिळावयाची ती त्याच एका माणसानें आपल्या अंगांतून काढून दिली पाहिजे.

ही जागा काढून देतां येते, याचीं दोन उदाहरणें आमच्या डोळ्यांपुढें आहेत. एक परदेशचें. १९३० सालीं पॅरिसच्या कॉमेदी फ्रान्सेज या नाट्यगृहांत झाँ कॉक्तो याचें 'मानवी आवाज' या अर्थाच्या नांवाचें लहानसें नाटक झालें. रंगभूमीवर एक स्त्री आणि एक टेलिफोन. तिला सोडून चाललेला प्रियकर तारेच्या दुसऱ्या टोंकाला आहे. त्याचा एकहि शब्द प्रेक्षकांस ऐकूं येत नाहीं. आरंभीं ती खोटें बोलते, आपण अगदीं ठीक आहों असें दाखविते. मग हळूहळू कबूल करते कीं आदल्या रात्रीं झोंपेच्या गोळ्या घेतल्या होत्या. मध्येंच तार तुटते. ती घाबरून त्याच्या घरीं फोन लावते, आणि चाकर सांगतो कीं साहेब घरीं नाहींत. म्हणजे 'घरून बोलतों' असें भासविणारा तो दुसऱ्याच कोठून बोलत होता. पुन्हां तार जुळते तेव्हां तिच्या हातीं केवढें शस्त्र आलेलें असतें! तें ती त्याच्यावर उगारीत नाहीं. उलट त्याला सांभाळून घेते. आमच्या मतें या नाटकाचा प्राण तिच्या बोलण्यांत जितका आहे तितकाच तिच्या थांबण्यांत आहे. ती ऐकत असते तेव्हां रंगभूमीवर कोणीच बोलत नसतें, आणि त्या वेळेवर मालकी त्या अदृश्य पुरुषाची असते. तो तेथें काय म्हणाला असेल हें प्रत्येक प्रेक्षक आपल्यापुरतें योजतो; कोणी त्याला क्रूर करतो, कोणी दुबळा. ती मात्र त्याच्या वतीनें बारीक आवाज काढीत नाहीं.

दुसरें उदाहरण घरचें आहे आणि आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ ते १९३६ या काळांत भागाभागानें प्रसिद्ध झालीं. पुढें सुहास जोशी यांनीं त्यांवर एकपात्री प्रयोग केला. बाईंच्या आयुष्यांत जें घडलें त्याला प्रेमभंग हा शब्दहि अपुरा पडतो. १८९५ सालीं नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीला पति जिवंत असून नाहींसा झाला. पुढचीं कित्येक वर्षें वियोगांत गेलीं, आणि मग त्या स्वतः विचारानें, सावकाश, त्यांच्याकडे गेल्या. अशा स्त्रीनें सगळें पुस्तक आरोपपत्र म्हणून लिहिलें असतें तर कोण नांव ठेवणार होता? आणि आरोपांना तोटा नव्हता: टिळकांचा शीघ्रकोप, न सांगतां निघून जाणें, घरांत दाणा नसतां दातृत्व. बाईंनीं यांतलें कांहींहि झांकलें नाहीं. परंतु त्या पुस्तकांत टिळक पानोपानीं बोलतात. स्वतःच्या आवाजांत, स्वतःच्या तऱ्हेवाईक ऐटींत बोलतात, आणि पुष्कळदां बाईंपेक्षां सरस बोलतात. स्वतःची फजिती झाली तेथें बाई ती प्रथम सांगतात. म्हणून एकट्या नटीनें रंगभूमीवर तें पुस्तक उभें केलें तरी तेथें दोन माणसें उभीं राहतात.

यावर कोणी म्हणेल कीं हें औदार्य नेहमीं स्त्रियांकडूनच कां मागतां? तसें आमचें म्हणणें नाहीं, उलट आहे. स्त्रीनें एकटीनें उभें राहून बोलणें ही आपल्याकडे फार उशिरां आलेली गोष्ट आहे. १९८९ पासून सुषमा देशपांडे यांनीं 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग केला. त्या बाईनें १८९० सालीं जोतीरावांच्या अंत्ययात्रेंत स्वतः टिटवें धरलें, आणि त्या बाईला पुढें शंभर वर्षें पुस्तकांत बहुधा जोतीरावांच्या पत्नी म्हणूनच स्थान होतें. जिची बाजू कोणी कधींच ऐकली नाहीं तिनें एकटीनें सव्वा तास बोलावें; तें बोलणें एकतर्फी नव्हे, तो थकलेल्या बाकीचा हप्ता आहे. परंतु ज्याचा आवाज गांवांत आधींच चालतो, ज्याचे मित्र सभागृह मिळवून देतात, ज्याच्या डब्यावर आणि गाडीवर अर्धी सभा आधींच त्याच्या बाजूची आहे, त्यानें माहेरीं जाऊन बसलेल्या मुलीचा बारीक आवाज काढला म्हणजे तराजूचें कोणतें पारडें जड होतें हें सांगावयास नको. खालापूरच्या त्या मुलीला प्रयोग करावयाचा असता तर तिला सभागृह कोणी दिलें असतें, असा प्रश्न आमच्या कुटुंबानें परततांना खोपोलीच्या गाडींत केला. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. केळवलीपर्यंत आम्ही गप्पच होतों.

दुखावलेल्या मनुष्यास बोलूं न देणें हा क्रूरपणा होईल. तो तरुण खरोखर दुखावलेला होता. रोज पहांटेची गाडी, रोज रात्रीं परत, आणि त्यांत हातांत सारखा वाजणारा फोन. या जाचानें माणूस पिचतो हें कर्जताच्या फलाटावर संध्याकाळीं उतरणारा कोणताहि चेहरा सांगेल. बाप गेल्याच्या भीतीनें नवऱ्याला जखडून ठेवणें हा अन्यायच, मग भीति कितीहि खरी असो. आम्हांस एवढेंच वाटतें कीं त्यानें ती भीति सभेला सांगितली असती, आणि मग 'तरीहि मला हें सोसवेना' असें म्हटलें असतें, तर त्याचें दुःख तसूभरहि कमी झालें नसतें. हंशा मात्र कमी झाला असता. त्यानें हंशा निवडला. आणि आम्हीं तो दिला, हें विसरतां येत नाहीं. एकपात्री प्रयोगांत दुसरें पात्र प्रेक्षक असतात असें नाटकवाले म्हणतात. असतील, तर त्या पात्राचें वर्तन कर्जतास फारसें शोभलें नाहीं.

यंदा पावसाळ्यापूर्वीं तो आम्हांस फलाटावर भेटला. म्हातारीची गोष्ट त्यानेंच काढली. खालापुरानंतर त्यानें तीन-चार ठिकाणीं ठरलेले प्रयोग रद्द केले होते आणि तिचा भाग लिहावयास बसला होता. बापाची हकीकत त्यानें घातली. ती सहज जमली, कारण ती माहिती होती. परंतु दारापाशीं ती काय म्हणाली तें लिहून होईना. आठवत नव्हतें असें नाहीं. अक्षर अन् अक्षर आठवत होतें. तालमीच्या वेळीं तो तें बोलूं लागला कीं त्याचा आवाज आपोआप बारीक होई, आणि बारीक झाला कीं त्याचें वेडावणें होई. जाड ठेवला तर तें त्याचेंच वाक्य वाटे. पुष्कळ खटपट करून त्यानें तो नाद सोडला. आतां तो 'काय चुकलं माझं?' असें विचारतो, प्रेक्षकांकडे वळत नाहीं, दाराकडे तोंड करून तिचें बोलणें संपेपर्यंत जितका वेळ लागला होता तितका वेळ नुसता उभा राहतो, आणि मग पुढें जातो.

"किती वेळ?" आम्हीं विचारलें.

"पाऊण मिनिट असेल," तो म्हणाला. नव्या रूपांतला पहिला प्रयोग नेरळास झाला. तो दाराकडे तोंड करून उभा राहिला, सभा शांत झाली, आणि पंधरा-वीस सेकंद गेले तोंच विंगेंत वही धरून बसलेल्या मुलाला वाटलें कीं हा वाक्य विसरला, म्हणून त्यानें आंतून सबंध सभेला ऐकूं जाईल एवढ्या आवाजांत पुढचें वाक्य सांगून टाकलें.